रताळ्याचं पुण्य

माझी नात पुण्यात राहते आणि रविवारी सकाळी, कुणी मागे लागलेलं नसताना, पळते. मागे एकदा तिनं फोनवर मला एक बातमी दिली. लांब पळायचं असेल तर आदल्या दिवशी उकडलेली रताळी, बटाटे, केळी भरपूर खायची. त्यातलं पिष्ट स्नायूंत साठतं आणि शर्यतीत जळतं, शिवाय घामातून जाणारं पोटॅशियमही त्यातून भरून निघतं, असं तिच्या कोचनं सांगितलं होतं. "आजोबा, हे एकदम नवीन आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "असं का." तिला काय सांगणार, की ही एकदम नवीन गोष्ट मी विद्यार्थी असताना काशीत दूधविनायकाच्या गल्लीत घसा कोरडा होईपर्यंत सांगत होतो आणि गल्लीतलं एक माणूस ऐकायला तयार नव्हतं. आता ऐकायला सगळे तयार आहेत, तर माझ्या डॉक्टरांनी रक्त तपासून बटाटे, रताळी आणि केळी तिन्ही बंद केली आहेत. मूत्रपिंडं थकली आहेत, त्यांना पोटॅशियम आवरत नाही, असं ते म्हणतात. एखाद्या माणसाचं म्हणणं खरं ठरायला किती उशीर व्हावा याला काही मर्यादा असावी असं मला वाटतं.

आमच्या घरात खाण्याचे दोन प्रकार होते, अन्न आणि फराळ. अन्न म्हणजे धान्य. ते देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणाच्या तोंडाला लागत नसे, आणि नैवेद्य तात्यांची पूजा आटोपल्याशिवाय होत नसे, आणि तात्यांची पूजा सूर्य डोक्यावर आल्याशिवाय आटोपत नसे. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. मंगला गौरीजवळच्या पाठशाळेत ते वेद शिकवत आणि उरलेला वेळ भाषणं करत. गल्लीतल्या मराठी मंडळींत मुंज असो, निरोपसमारंभ असो, नवा नळ बसलेला असो, तात्या दोन शब्द बोलायला उभे राहत आणि ते दोन शब्द संपेपर्यंत नळाचं पाणी जाई. माझे वडील, अप्पा, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. थोरल्या भावापुढे त्यांचं मत नेहमी वर्तमानपत्राच्या मागे असे. कधीकधी पान जरा जोरात उलटत, तेवढ्यावरून आम्ही त्यांचा विरोध ओळखायचा. आई स्वयंपाकघरात. तिथून तिचं बोलणं क्वचितच बाहेर येई, पण आलं की भांड्याच्या आवाजासकट येई.

मी पळत असे. का, ते विचारू नये. ते मलाही कधी नीट सांगता आलेलं नाही. पहाटे पेलाभर दूध पिऊन पंचगंगेच्या पायऱ्या उतरायच्या आणि घाटाघाटानं अस्सीपर्यंत जाऊन परत यायचं. मागून मशिदीतली बांग, पुढून मंगला गौरीची घंटा, आणि वर पाठशाळेत तात्यांच्या विद्यार्थ्यांची सुरू झालेली संथा, असा तो निघण्याचा वेळ. मणिकर्णिकेला वाट लाकडांच्या ढिगांमधून होती. तिथे चिता रचणारा एक माणूस रोज मला बघून हातातलं लाकूड खाली ठेवी आणि विचारी, "का गुरू, इहाँ त सब धीरे-धीरे आवेला, तोहके कवन जल्दी हौ?" जाताना मी हसायचो. येताना हसायला दम उरलेला नसे. पोटात एक पेला दूध, त्याच्या आधी आदल्या संध्याकाळचा मऊ भात, आणि दुपारपर्यंत पुढे काही नाही. दशाश्वमेधाच्या अलीकडे पाय असे जड होत, की पायऱ्यांवर बसलेल्या यात्रेकरूंना मी तीर्थासाठी आलेला अशक्त मुलगा वाटत असे. एका बाईंनी तर मला केळं दिलं होतं. मला वाटतं, माझ्या संशोधनाची सुरुवात त्या केळ्यापासून धरायला हरकत नाही.

कारण महिन्यातून दोनदा मी निराळाच मुलगा असे. एकादशीला आमच्याकडे सकाळपासूनच स्वयंपाकघर जागं होई, फराळाला नैवेद्याची वाट बघावी लागत नसे. किसणीवर रताळी घसरल्याचा तो खरखरीत आवाज मला अजून ऐकू येतो. तुपात जिरं तडतडलं की त्यात बटाट्याच्या फोडी, वर सैंधव; दुसऱ्या कढईत रताळ्याचे काप गुळाच्या पाकात, कडेनं तांबूस झालेले; शिंगाड्याचा शिरा, केळ्याचं शिकरण. तात्या पाटावर बसून "आज लंघन आहे" असं म्हणत आणि तिसऱ्यांदा रताळी घेत. आम्हीही घेत असू. आणि दुसऱ्या दिवशी, बारशीला पहाटे, मी अस्सीला जाऊन परत येई ते चिता रचणाऱ्या माणसाला हसून उत्तर देण्याइतका दम शिल्लक ठेवून. हे मला पहिल्यांदा योगायोग वाटलं. मग विद्यापीठाच्या ग्रंथालयात शरीरशास्त्राचं एक जाड पुस्तक सापडलं. त्याची पानं अजून कापलेलीही नव्हती, म्हणजे विद्वानांच्या त्या नगरीत ते माझ्याआधी कुणी उघडलं नव्हतं. त्यात पिष्ट, स्नायू, घाम, पोटॅशियम, सगळं होतं. मी ते वाचलं आणि घरी येऊन सांगायची चूक केली.

"पोटॅशियम?" तात्या म्हणाले. "म्हणजे आमचा यवक्षारच. जवाची राख. आपल्या वैद्यांना हे केव्हापासून माहीत आहे."

"माहीत असेल, तात्या. मग मला रोज सकाळी दोन रताळी उकडून मिळतील का?"

"उपासाशिवाय उपासाचं खायचं?" त्यांनी मला असं विचारलं, की जणू मी लग्नाशिवाय अक्षता मागितल्या होत्या. "ती चैन झाली. चैनीनं शक्ती येत नाही."

अप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

कार्तिकातल्या मोठ्या एकादशीला काशीत नवा ऊस, शिंगाडे आणि शकरकंद यांचे ढीग लागतात. रताळ्याला तिथे शकरकंद म्हणतात. त्या दिवशी मी जेवढी रताळी खाल्ली तेवढी एखाद्या लहान गावाला पुरली असती, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजची क्रॉस-कंट्री शर्यत जिंकलो. जिंकलो म्हणजे दुसरा मुलगा दिसत नव्हता. पुढच्या रविवारी मराठी मंडळींच्या सभागृहात माझा सत्कार झाला. तात्या बोलायला उभे राहिले. एकादशीच्या व्रतानं देहात काय तेज येतं याचं जिवंत उदाहरण म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला दोन शब्द बोलायला सांगितल्यावर मी दोनच शब्द बोललो, "रताळ्यांमुळे जिंकलो." सभागृह प्रेमानं हसलं. पुढच्या रांगेतल्या एका बाई शेजारणीला म्हणाल्या, "बघा, किती विनय."

घरी येताना मी गल्लीतच तात्यांना गाठलं.

"तात्या, ते खरंच रताळ्यांमुळे झालं."

"रताळी का खाल्लीस?"

"एकादशी होती म्हणून."

"मग?" तात्या म्हणाले आणि वळून घरात शिरले.

या "मग"ला उत्तर शोधण्यात माझा तो हिवाळा गेला. मी ठरवलं, उपास नसलेल्या दिवशी रताळी खायची, दुसऱ्या दिवशी पळायचं आणि वेळ दाखवायची. गल्लीच्या तोंडाशी नंदू साव नावाचा भडभुंजा होता; चणे-फुटाणे भाजून झाले की तापलेल्या वाळूत तो शकरकंद पुरून ठेवी. त्याच्याकडून मी एका सोमवारी पोटभर खाल्ली आणि मंगळवारी उत्तम पळालो. तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सोमवार. विश्वनाथाचा वार. नकळत का होईना, घडलं तुझ्या हातून." मग बुधवारी खाल्ली, तर तो प्रदोष निघाला. शुक्रवारी खाल्ली, देवीचा वार. काशीत असा दिवसच नाही की जो कुणाचा तरी उपास नाही, आणि ज्या शहरात साधा दिवसच सापडत नाही तिथे विज्ञान कुठे करायचं? मी हात टेकले. आता मागे बघताना वाटतं, तात्या काही मूर्ख नव्हते. समोर येईल तो पुरावा आपल्या बाजूला बसवण्याची त्यांची हातोटी एखाद्या वकिलालाही जमली नसती. फक्त ती माझ्या पायांवर वापरायला नको होती.

ऐकणारा एकच माणूस मला भेटला. रामधनी. तो माझ्या वर्गात होता, नदीपलीकडच्या गावातून सायकलला दुधाचे डबे अडकवून येई, घरोघर रतीब घाली आणि मग वर्गात येऊन झोपे. कॉलेजच्या शर्यतीत तो कुठेतरी मागे राहिला होता. त्याच्या घरी म्हशी होत्या, त्यामुळे घरच्यांचा विश्वास दुधावर. शर्यतीच्या सकाळी आजोबा त्याला तांब्याभर दूध तूप घालून पाजत.

"दूध पी के दौड़ीला त पेट में ढोल बजेला," त्यानं मला सांगितलं. "तू का खाला, भइया?"

मी त्याला सगळं सांगितलं. आदल्या दिवशी शकरकंद आणि बटाटे, मीठ लावून. सकाळी एखादं केळं. दूध अजिबात नाही. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत होता.

"शकरकंद त हमरे खेते में होला," तो शेवटी म्हणाला. "भइंस के खियावल जाला."

"आता तू खा."

"ई बात अउर केहू से कहले हउवा?"

"सबसे कहा है. कोई मानता नहीं."

"त ठीक हौ," रामधनी म्हणाला. का ठीक, ते मला तेव्हा कळलं नाही.

विद्यापीठाच्या संघाची निवड माघात होती. निवडलेली मुलं आंतरविद्यापीठ शर्यतीला अलाहाबादला जाणार होती. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष. उन्हाळ्यानंतर अप्पा मला पार्सल ऑफिसात चिकटवणार हे ठरलेलं होतं, आणि पार्सल ऑफिसात कुणी पळत नाही. म्हणजे ही एक शर्यत, नाहीतर काही नाही. दिवस जाहीर झाला आणि तात्यांनी पंचांग उघडलं. शर्यत बारशीला, सकाळी आठ वाजता. आदल्या दिवशी एकादशी. मी मनातल्या मनात गुळाच्या पाकातले काप मोजायला लागलो होतो, तेवढ्यात तात्या आनंदानं म्हणाले, "योग असा पुन्हा येणार नाही. या खेपेला निर्जळी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तात्यांचा हिशेब सरळ होता. फराळाच्या एकादशीनं कॉलेज जिंकलं, तर निर्जळी एकादशीनं विद्यापीठ. रताळी हा त्यांच्या लेखी व्रतातला कमकुवतपणा होता. तेवढा काढून टाकला की शुद्ध तेज उरणार.

"निदान बारशीला पहाटे पारणं करून जातो," मी म्हटलं. पंचांग मलाही थोडं येत होतं.

"त्या दिवशी हरिवासर नऊपर्यंत आहे. बारशीचा पहिला पाव भाग. त्यात पारणं करत नाहीत," तात्या म्हणाले. "जिंकून ये आणि मग पारणं कर. विजयाचं पारणं."

त्या वेळी आई बाहेर आली. पदर डोक्यावर, हातात पोळपाट तसाच. तात्यांच्या समोर उभं राहून ती बोलल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

"तात्या, पोरगं पळणार आहे. जपाला बसणार नाही."

"म्हणूनच," तात्या म्हणाले. "आणि हे बघ, ब्राह्मणाच्या पोरानं चड्डी घालून घाटावर पळावं याला गल्लीतून काय काय बोललं जात होतं, माहीत आहे ना? मी सांगितलं, हे व्रत आहे. म्हणून तोंडं बंद झाली. आता व्रत नको म्हणालात तर पळणंही नको."

अप्पांचं पान उलटलं, आणि या खेपेला थोडं फाटलंही. उपास केला नाही तर पळायला मिळणार नाही, आणि केला तर पळता येणार नाही, असा तो मामला होता. मी पळायला मिळणं पत्करलं. आजही विचार करून दुसरं उत्तर सापडत नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो.

एकादशीला दुपारी ग्रंथालयाचं निमित्त काढून मी बाहेर पडलो आणि नंदू सावपुढे उभा राहिलो. वाळूतून वाफ येत होती. तो माझ्याकडे बघून हात जोडता झाला. "आज ना, बाबू. पंडितजी सबेरे सबके कह गइल हउवन, तोहार निरजला हौ. हमके पाप में मत डाला." गल्ली ओलांडून पुढे जावं म्हणून वळलो, तर पानवाला मोठ्या आदरानं म्हणाला, "निरजला में घूमे के ना चाही, गुरू, गला सूखी." चौकापर्यंत पोचेतो मला तीन जणांनी नमस्कार केला. मी परत आलो. तात्या माझ्यासाठी पाट मांडून बसले होते; विष्णुसहस्रनाम चालू होतं. त्यांच्यासमोरही पाण्याचा तांब्या नव्हता. त्या वयात, माझ्यासाठी, त्यांनीही निर्जळी धरली होती. ओठ सुकून पांढरे पडले होते आणि आवाज घोगरा झाला होता. माणसानं आपल्याला जाचावं तर निदान स्वतः आरामात असावं, म्हणजे त्याच्यावर रागावता तरी येतं. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

शर्यतीचं फार सांगण्यासारखं नाही. धुकं होतं. निम्म्या वाटेपर्यंत मी पुढे होतो; जवळपास वर्षभर रोज अस्सीपर्यंत पळालेले पाय होते, ते एका दिवसात विसरत नाहीत. मग मोहरीच्या शेतांमधल्या पायवाटेवर जीभ टाळूला चिकटली, आणि थोड्या वेळानं डाव्या पोटरीत गोळा आला. मी बांधावर बसून तो दाबत असताना एकेक मुलगा धुक्यातून येऊन धुक्यात जात होता. रामधनी आला, क्षणभर थांबला. "चल, भइया," म्हणाला. मी हातानं जा म्हणून खूण केली. तो गेला, आणि पहिला आला. मी इतका मागे आलो की खेळांच्या सरांनी माझं नाव लिहून घ्यायचीही तसदी घेतली नाही. मैदानाच्या नळाला तोंड लावून मी पाणी प्यायलो तेव्हा नऊ वाजून गेले होते का, ते बघितलं नाही.

तात्यांनी मला दोष दिला नाही. "पुण्य वाया जात नाही, जमा होतं," एवढंच म्हणाले. अडचण वेगळीच होती. रविवारचा सत्कार ठरून गेला होता. सभागृह घेतलेलं, शाल आणलेली, नारळ आणलेला, भाषण तयार. त्या रविवारी दुपारी रामधनी आमच्या दाराशी उभा राहिला, सायकलला दुधाच्या डब्यांऐवजी शकरकंदाचं गाठोडं बांधून. मातीसकट, त्याच्या शेतातली. माझे आभार मानायला आला होता. दार तात्यांनी उघडलं. पहिला आलेला तो हाच, हे कळल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बेटा, एकादशी को अन्न लिया था?"

रामधनीनं आठवून पाहिलं. "ना, पंडितजी. अन्न त एक दाना ना. दिन भर बस शकरकंद."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत दया होती, आणि तीच मला सहन होईना.

संध्याकाळी सभागृहात रामधनीला शाल पांघरली गेली. भाषण तेच होतं, नाव तेवढं बदललं होतं. "आमच्या घराण्यातला" या जागी "आमच्या घराच्या संस्कारातला" आलं. मी तिसऱ्या रांगेत, आईच्या शेजारी. मग रामधनीला बोलायला सांगितलं. तो शालीत घामाघूम झाला होता. माझ्याकडे हात करून म्हणाला, "हम त कुछ ना कइलीं. माधव भइया कहले रहलन, एक दिन पहिले शकरकंद खा. हमके खाए के मिलल, इनके ना मिलल. बस एतने बात हौ."

सभागृहात बसलेल्यांपैकी प्रत्येकाला ती भाषा कळत होती. पिढ्यान्‌पिढ्या सगळे त्याच भाषेत भाजी घेत होते. तरीही तात्या पुढे झाले आणि त्यांनी त्याचं मराठी केलं. "तो म्हणतो, उपासाची दीक्षा मला या घरानं दिली." टाळ्या तेव्हा पडल्या. रामधनीनंही वाजवल्या, सगळे वाजवत होते.

घरी आलो तेव्हा आई आमच्या आधी येऊन चुलीपाशी होती. गाठोडं सोडलेलं होतं, माती धुतलेली होती, आणि मोठ्या पातेल्यात रताळी शिजत होती. तिनं एक पाट मांडला, एकच, आणि माझ्यापुढे ताटली ठेवली. सोललेली, वाफाळणारी, बाजूला चिमूटभर मीठ. तात्या उपरणं काढत दारात आले आणि थबकले.

"आज कुठला उपास?"

"उपास नाही," आई म्हणाली आणि माझ्या ताटलीत आणखी एक टाकलं. "भूक आहे."